पंधरा दिवसांच्या पुढचं

४ नोव्हेंबर १९९८, बुधवार

घड्या सहा. गाठी दोन. एक सुपारीएवढी, एक बारीक.

लिहायला सांगितलंय म्हणून लिहिते. काल महाडला डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी विचारलं, अंगावरून किती जातं? म्हटलं, पुष्कळ. तर म्हणे, पुष्कळ म्हणजे किती? आता ह्याला काय माप आहे — शेर, पायली? म्हटलं, बाई, मोजत कोण बसतंय. म्हणाल्या, तुम्हीच मोजा. रोज तारीख टाकायची, कापडाच्या किती घड्या बदलल्या, रक्ताच्या गाठी पडल्या का, एवढंच लिहायचं. पुढच्या खेपेला वही घेऊन या.

रिम्शाची गेल्या वर्षीची भूगोलाची वही निम्मी कोरी होती, ती घेतली. मी चौथी पास. पोलादपूरला उर्दू शाळा लांब पडायची म्हणून बाबांनी मराठी शाळेत घातलं. त्याचा आज उपयोग — ह्या घरात माझं अक्षर कोणी वाचत नाही. सासूला कुराण वाचता येतं, मराठी नाही. नवरा उर्दू शिकलेला, तो तर सौदीत दम्मामला ट्रकवर. राहिली पोरगी. रिम्शा चौदा वर्षांची आहे आणि तिला स्वतःची वही उघडायचा कंटाळा.

आज सव्विसावा दिवस. एवढं एकच मी न सांगता मोजत होते.

५ नोव्हेंबर

सात.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

सहा.

जुम्म्याचा फोन. आमच्याकडे फोन नाही, शेजारी मुकादमांकडे येतो. तिकडची नमाज झाली की युसुफ लाईन लावतो आणि मुकादमीण अंगणातून हाक मारते. तिच्याकडे नवा सोफा आलाय, वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. मागच्या जुम्म्याला त्यावर बसले आणि उठून बघते तर प्लास्टिकवर डाग. रिम्शाने ओढणीने पुसला, कोणाच्या नजरेला आला नाही. आज मुकादमीण म्हणाली, "बस की गो." म्हटलं, नको, उभ्याने आवाज चांगला येतो.

फोनभोवती सहा माणसं बसलेली. मुकादमीण, तिची सून, दोन पोरं, माझी सासू, आणि कोणीतरी पाहुणा.

"तब्येत कशी हाय?"

"बरी."

"आवाज बारीक येतोय."

"लाईनचा."

मग सासूने फोन घेतला आणि आंब्याच्या झाडाला वाळवी लागली त्याबद्दल बोलली.

९ नोव्हेंबर

आठ. गाठी तीन. विहिरीवरून एक हंडा आणताना दोनदा खाली बसले. मुकादमांची सून म्हणते, चाची, तू गोरी झालीस. गोरी नाही, पांढरी.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

पाच.

महाडला सोनोग्राफी केली. बुरखा काळा आहे, त्याचा आज खरा उपयोग कळला. एसटीत बसताना खाली जुनं पोतं घेतलं होतं, कंडक्टर म्हणाला, मावशी, कोंबडी आहे काय आत? म्हटलं, हो, कापलेली.

सोनोग्राफीवाल्याने पोटावर थंडगार काहीतरी फासलं आणि टीव्हीकडे बघत बसला. माझ्याकडे बघितलंच नाही. कागद घेऊन परत डॉक्टरीणबाईंकडे. पिशवीत गाठ आहे. मोसंबीएवढी. रक्त तपासलं, ते सहा आलं, बारा पाहिजे. म्हणजे अर्धं रक्त मी धुवून मोरीत सोडलं.

वही मागितली. नको त्या ओळींवर हात ठेवून दाखवत होते, पण त्यांनी हात बाजूला केला आणि शेर-पायली वाचली. हसल्या. हसताना लहान दिसतात.

मग सांगितलं. आधी गोळ्या — सकाळ, दुपार, संध्याकाळ, एकही चुकवायची नाही, त्याने रक्त थांबेल. लोहाच्या गोळ्या वेगळ्या. रक्त वाढलं की पिशवी धुवून आतला तुकडा तपासायला पाठवायचा. आणि मग ऑपरेशन. पिशवी काढायची.

म्हटलं, उद्या काढा.

"उद्या नाही. आणि मालकांची सही लागेल."

"मालक दम्मामला."

"मग घरातलं दुसरं कोणी जबाबदार माणूस."

"मी काय बेजबाबदार हाय?"

त्या कागद चाळत बसल्या. तिथली आया, गोदूबाई, मला बाहेर घेऊन आली आणि म्हणाली, "बाईंवर रागावू नको. दोन वर्सांमागं एकीनं स्वतःच सही केली होती. नंतर तिचा दीर येऊन काचा फोडून गेला. बाई बरी झाली ती झालीच, काचा पण गेल्या."

१४ नोव्हेंबर

पाच. गाठी नाहीत.

सासूला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"जातं आपोआप. माझं गेलं."

"मा, गाठ हाय आत. मोसंबीएवढी."

"पिशवी काढली की बाईत राहिलं काय? आणि युसुफ इथं नाय. त्याला न विचारता घरातलं मांजर पण आपण देत नाय कोणाला."

मग मगरीबची बांग झाली आणि ती मुसल्ला पसरून उभी राहिली. मी दारात. अंगावरून जात असलं की मुसल्ल्यावर उभं राहायचं नाही, कुराण हातात घ्यायचं नाही, हे आम्हाला न्हाती-धुती झाल्यापासून ठाऊक. महिन्यातले पाच-सहा दिवस कोणी बोलत नाही. पण पस्तीस दिवस बाई नमाजेला उभी नाही म्हटलं की घरात तिची जागाच बदलते. सासू रोज बघते. युसुफ सांगतो की त्याच्या लहानपणी हीच बाई मुसल्ल्याला हात लावत नव्हती, त्याचा बाप तिला सगळ्या मोहल्ल्यासमोर बेनमाजी म्हणायचा. म्हातारपणी आली शुद्धीवर, आणि आता डोळे माझ्यावर.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

शून्य.

परत लिहिते. शून्य.

एकेचाळीस दिवसांनी. डोक्यावरून न्हाले. जोहर पढले, असर पढले, मगरीब पढले. सजद्यात डोकं टेकलं आणि उठावंसंच वाटेना, सासूला वाटलं चक्कर आली.

सगळ्या घड्या उकळून अंगणात दोरीवर घातल्या, भर उन्हात. एरवी त्या मागच्या खोलीत परकराखाली वाळतात, वाळतात कसल्या, कुबट होतात. सासू म्हणाली, "रस्त्यावरनं माणसं जातात." म्हटलं, जाऊदेत. त्यांनी कधी कापड बघितलं नाय काय.

६ डिसेंबर, रविवार

शून्य.

पोलादपूरहून आमिना आली, माझी थोरली बहीण. तिची पिशवी चार वर्षांपूर्वी काढली. बसल्या बसल्या म्हणाली, "काढून टाक गो. मी मोकळी झाले. आता पांढरी साडी नेसून कशेडी घाट उतरेन." तिचा नवरा घरीच असतो, त्याने सही केली आणि बाहेर जाऊन वडापाव खाल्ला. एवढंच काम होतं त्याला.

सासू आतून म्हणाली, "तिचं वेगळं."

आमिना म्हणाली, "काय वेगळं, मा? सगळ्यांची तिथंच असते."

मला इतकं हसू आलं की टाचणी टोचल्यासारखं पोटात दुखलं.

१८ डिसेंबर, शुक्रवार

शून्य.

आज ठरवूनच गेले. फोन घेतला आणि सगळ्यांसमोर बोलले — अंगावरून जातं, गाठ आहे, पिशवी काढायची, तुझी सही पाहिजे. मुकादमीण पाणी घेऊन येत होती ती दारातच थांबली. कोणी पाहुणा बसला होता तो उठून बाहेर गेला.

मग युसुफ म्हणाला, "आता थांबलंय ना?"

"गोळ्यांनी."

"मग बकरीदेला मी येतो, तेव्हा बघू."

"बकरीद मार्चअखेर हाय."

"मरियम, पासपोर्ट मालकाकडं आहे. मागितला तर नोकरी जाते. तिथं तुला काय झालं तर मी इथं वाळवंटात बसून काय करू, सांग."

काय सांगणार. त्याचं पण खोटं नाही. तो तिकडे अडकलेला, मी इकडे. पण रक्त एकटीचंच जातंय.

शेवटी म्हणाला, "मा म्हणेल तसं कर."

मा बाजूलाच उभी होती. म्हणाली, "बकरीदेपर्यंत काय बिघडतंय."

२० डिसेंबर, रविवार

शून्य. चंद्र दिसला. उद्या पहिला रोजा.

गेल्या रमजानचे माझे अकरा रोजे बुडाले. ह्या वर्षी एकही सोडायचा नाही, असं मी गोळ्या सुरू झाल्या तेव्हाच मनात धरलं होतं. पण दुपारची गोळी? रोज्यात पाण्याचा थेंब पोटात जाऊ द्यायचा नाही, गोळी कशी घ्यायची. गोळी घेतली तर रोजा नाही. गोळी नाही घेतली तर रक्त. रक्त आलं तर रोजा नाहीच. चारी बाजूंनी दार एकच आणि ते बाहेरून लावलेलं.

सासू म्हणाली, "दोन घे. एक सहरीला, एक इफ्तारीला. मधली सोड. एका गोळीनं काय होतंय."

तिने सांगितलं म्हणून नाही. मला तेच ऐकायचं होतं.

२१ डिसेंबर

रोजा. शून्य.

२२ डिसेंबर

रोजा. शून्य. पांदीतून चालताना आज कोणाला हात द्यावा लागला नाही. कजाग म्हणतात मला, म्हणूदेत, आज सगळ्यांना सलाम केला.

२३ डिसेंबर

रोजा. शून्य.

२४ डिसेंबर

चौथा रोजा. दुपारी डाग दिसला. डाग म्हणजे काही घडी नाही. पण रोजा तुटला. सासूला सांगितलं नाही, इफ्तारीला सगळ्यांबरोबर खजूर उचलला.

२९ डिसेंबर, मंगळवार

हे दवाखान्यात लिहितेय. गोदूबाईने पेन दिलं.

२५ला सकाळी चुलीपुढे बसले होते. उठले तर मांडीवरून पायापर्यंत. घडी घ्यायला गेले, घडी पुरेना. टॉवेल घेतला. मग काय झालं ते ऐकून लिहितेय. रिम्शा ओरडली. दीर कासम टेम्पो घेऊन कशेडीत अडकलेला, घाटात ट्रक आडवा झाला होता. सासू अनवाणी रस्त्यावर गेली आणि नाते गावाकडून येणारी जीप हात आडवा करून थांबवली. आत लग्नाची माणसं होती. त्यांना उतरवून मला घातलं म्हणे. मला आठवतं ते फक्त सासूचं बोट. माझ्या नाकाखाली धरलेलं, श्वास बघायला.

दोन बाटल्या रक्त चढवलं. पिशवी धुतली, तुकडा पुण्याला तपासायला गेला.

डॉक्टरीणबाई इतक्या चिडल्या होत्या की चष्मा काढून हातात धरला. "मधली गोळी कोणी बंद केली?"

"रमजाननं."

"आजारी माणसाला रोजा माफ असतो, हे मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही?"

माहीत होतं. पण बाईचं हे आजारात कुठे धरतात. ताप आला की आजार. हे म्हणजे बाईचं.

मग शांत होऊन म्हणाल्या, "पुढच्या वेळी बाटली मिळेपर्यंत तुम्ही राहणार नाही. मार्च विसरा. ईद झाली की जानेवारीत या. सही घेऊन या."

सासू दाराशी स्टुलावर बसली होती. पायाला धूळ तशीच.

१ जानेवारी १९९९, शुक्रवार

दोन. घरी आले. धुतलं तरी थोडं थोडं चालूच.

कासमला म्हटलं, तू सही कर. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, त्याला मी जेवायला वाढलंय. मान खाली घालून म्हणाला, "भाभी, भावाला न विचारता सही केली नि काय कमीजास्त झालं, तर मी त्याला तोंड कसं दाखवू?"

म्हटलं, आणि सही न करता कमीजास्त झालं तर दाखवशील?

उठून गेला. टेम्पोला कामं असतात.

५ जानेवारी

तीन.

दुपारी दाराआड बसून भाकरी खाते. रोजा नाही तरी रोजेदारांसमोर खायचं नाही, मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका त्या पाच-सहा दिवसांत अशाच भिंतीकडे तोंड करून खातात. माझे पाच-सहा संपतच नाहीत. ह्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा मला पाठ झालाय. एक पोपडा अगदी मुकादमीणीसारखा दिसतो.

८ जानेवारी, शुक्रवार

तीन.

आज रिम्शाला मारणार होते. मकतबात, जिथे पोरी कुराण शिकायला जातात, तिथे तिने उस्तानीबाईंना सगळ्यांसमोर विचारलं — माझ्या अम्मीचं थांबतच नाय, तिनं नमाज कधी पढायची? मी चप्पल शोधत होते तोवर उस्तानीबाईच दारात. म्हसळ्याकडची बाई, तिशीची, दोन वर्षं झाली इथे शिकवते. माझ्याहून लहान आणि माझ्यासारखीच तोंडाची.

"पोरीला हात लावू नकोस. तिनं विचारलं ते तू विचारायला हवं होतंस. कितवा दिवस?"

म्हटलं, थांबा. वही काढली. २४ डिसेंबरचा डाग धरून बोटांवर मोजलं. सोळा.

"मग आजपासून तू पाक. न्हा आणि पढ."

"अजून जातंय."

"जाऊ दे. पाळी जास्तीत जास्त पंधरा दिवस. पंधराच्या पुढचं ते पाळी नाही, आजार. नाकातून रक्त यावं तसं. घट्ट बांध, दर नमाजेला हात-पाय-तोंड धुऊन नवी वजू कर, आणि उभी राहा."

"कोणी सांगितलं हे?"

"किताबात आहे. आपल्या शाफई पंथाच्या मसल्यात, म्हणजे कायद्यात, पहिल्यापासून आहे."

"मग आम्हाला कोणी का नाय सांगितलं?"

"तुम्ही कोणाला विचारलं?"

खरंच. विचारणार कोणाला. इमामसाहेबांना? दाराआडून? आईने सांगितलं तेवढंच, आणि आईला तिच्या आईने. पंधरा दिवसांच्या पुढचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण तिथवर गेलेली बाई बोलतच नाही.

तिने वही हातात घेतली, मागची पानं बघितली. ऑक्टोबरातलं पण धरलं. म्हणाली, "पहिल्या खेपेचे सव्वीस दिवस तू फुकट बसलीस. त्या नमाजा तुझ्यावर आहेत. सवड मिळेल तशा एकेक कजा पढ, म्हणजे चुकलेली मागाहून फेड."

सासू कोपऱ्यात तांदूळ पाखडत होती. बाई गेली तेव्हा लक्षात आलं की सुपाचा आवाज कधीचा बंद झालाय.

१० जानेवारी

दोन.

पढते. रक्त जात असताना पढते! पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा छप्पर पडेल असं वाटलं. पडलं नाही.

सासूने विचारलं, "किती दिवस म्हणाली ती?"

"पंधरा."

भाकरी थापताना परत विचारलं. "सगळ्यांना पंधरा?"

"सगळ्यांना."

चूल विझवताना परत. "आणि पूर्वीच्या काळी?"

मी वैतागले. म्हटलं, "मा, कायदा काय काल निघाला? तेव्हा पण पंधराच."

ती आज इफ्तारीला एक खजूर खाल्ला आणि उठली.

१५ जानेवारी, शुक्रवार

तीन. गाठ एक.

तुकड्याचा कागद आला. वाईट काही नाही. कासमने महाडहून आणला आणि माझ्यापुढे न ठेवता सासूपुढे ठेवला. तिला वाचता येत नाही, मला येतं. कागदाला तरी अक्कल आहे, त्यावर नाव माझं होतं.

युसुफचा फोन. वाईट काही नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग तर बकरीद होऊन जाऊ दे." मी फोन सासूच्या हातात दिला आणि बाहेर आले. ती काय बोलली माहीत नाही. फार वेळ बोलली नाही.

२२ जानेवारी

चार. ईद झाली. शीरखुर्म्याचं पातेलं उचलताना डोळ्यांपुढे काळं आलं. ठरवलं — सोमवारी जाते. सही मीच करणार. काचा फुटल्या तर फुटल्या. नाही म्हणाल्या तर तिथेच बाकावर बसून राहीन, बाटली लागेपर्यंत.

२५ जानेवारी, सोमवार

पाच.

सकाळी निघाले तर सासू चप्पल घालून दारात. म्हणाली, "मला पण महाडला जायचंय. चष्म्याची काडी तुटली." काडी मी बघितली, धड होती. एसटीत पोतं तिने स्वतः माझ्या खाली सरकवलं.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म काढला. मी पेन उचललं आणि माझं नाव लिहिलं, पूर्ण, जोडाक्षरासकट. त्यांनी खालची रेघ दाखवली. जबाबदार नातेवाईक. म्हणाल्या, "मरियमबी, तुमची सही पुरे असती तर मला आनंद झाला असता."

मी भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून सासू.

"कुठं?"

"काय कुठं, आजी?"

"अंगठा. कुठं लावायचा?"

बाईंनी विचारलं, मुलाला विचारलंय का? सासू म्हणाली, "तो तिथं बसून नको म्हणतोय. मी इथं बसून जीप थांबवली. मला दुसऱ्यांदा जीप थांबवायची नाय."

गोदूबाईने शाईचा डबा आणला. "नाव काय लिहू, आजी?"

"जैनब."

बावीस वर्षं ह्या घरात आहे, तिच्या तोंडून तिचं नाव आज ऐकलं.

परवा ऑपरेशन. घरी येऊन ती मोरीवर बसून अंगठा राखेने घासत होती. म्हटलं, मा, शाई नुसती, वजूला चालते. म्हणाली, "ठाऊक हाय." तरी घासत राहिली.

३१ जानेवारी

दवाखाना. गाठ काढून बरणीत ठेवलेली दाखवली. मोसंबीएवढी नाही, त्याहून मोठी. असला मांसाचा गोळा लपवायला मी पडदा धरून बसले होते!

पोट दुखतं. हसू नको म्हणतात. आमिना आली की हसवते, म्हणून तिला बाहेर बसवलंय.

घड्या — एक, तीही कोरडी.

१३ फेब्रुवारी, शनिवार

शून्य. टाके निघाले. आता लिहायचं काही राहिलं नाही.

सकाळी नवाच्या सुमाराला उठून बाहेर आले तर सासू मुसल्ल्यावर. ऊन तिच्या पाठीवर आलेलं. ही तर कुठल्याच नमाजेची वेळ नाही. नमाज संपून सलाम फिरवेपर्यंत थांबले आणि विचारलं, "मा, ही कुठली?"

"फजर."

"फजर तर पहाटेच पढलीस."

"ती आजची. ही युसुफ नऊ वर्साचा होता तवाची."

मी भिंतीला धरून तिच्याजवळ खाली बसले. विचारलं, तुझं अंगावरून किती वर्षं जात होतं? तिने मुसल्ल्याची घडी घातली नाही. म्हणाली, "सात."

ही वही नि पेन तिच्यापुढे ठेवलं. उरलेली पानं तिची. तिला लिहिता येत नाही, पण रेघ मारता येते.